उलटी यादी

गोदामात सगळे त्यांना मामा म्हणत. कुठला टेम्पो बाजाराच्या कुठल्या गल्लीत शिरेल आणि दहाची नो एंट्री लागायच्या आत कसा बाहेर पडेल, हे बावीस वर्षं त्यांच्या डोक्यात होतं. मालकांनी ते काम कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं, तेव्हा आपल्या सख्ख्या भाचीसाठी शब्द मामांनीच टाकला. महिन्याभरात ड्रायव्हर तिच्या खिडकीशी उभे राहू लागले.

"मामा, तुमची भाची म्हणजे आमची बहीणच की!" एकजण म्हणाला. "आता बहिणीचं ऐकायचं का मामाचं?"

सगळे हसले. मामाही हसले, पण त्यांना ते झोंबलं.

एका सकाळी तिने पहिल्यांदाच पाच दुकानांची यादी छापून हमालांच्या हातात दिली. पहिलं दुकान वर, शेवटचं खाली. मामा मात्र यादी कायम उलटी लिहीत. शेवटी उतरवायचा माल आधी आत जावा म्हणून शेवटचं दुकान सगळ्यात वर. हमालांना तीच सवय. यादी वरून खाली वाचायची आणि माल भरायचा. मामांनी यादी पाहिली, पहिल्या दुकानाची खोकी टेम्पोत पार आत जाताना पाहिली, आणि चहाचा कप तोंडाला लावला. अडू दे. मग येईल विचारायला.

आठ वाजता ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, पहिल्या दुकानाचा माल सगळ्याच्या मागे! आता काय अख्खा टेम्पो रस्त्यावर उतरवू?"

मामा खुर्चीत सावरून बसले. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं. तिने स्क्रीनवर बोट फिरवलं.

"दादा, शेवटच्या दुकानापासून सुरू करा. वळसा पडेल, पण दहाच्या आत निघाल."

टेम्पो पावणेदहालाच बाजाराबाहेर पडला. मग ती मामांच्या टेबलाशी आली.

"मामा, तुला भरताना दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती जागेवर गेली आणि दोन कागद घेऊन आली, ड्रायव्हरसाठी सुलटी यादी आणि हमालांसाठी उलटी.

"हे बरोबर आहे का बघ."

मामांनी एकेका ओळीवर बोट ठेवलं. कुठेतरी चूक सापडावी म्हणून दोन्ही कागद दोनदा वाचले.

"बरोबर आहे," अखेर ते म्हणाले. तिच्याकडे न बघता.