बाबांचा अडकित्ता
माळ्यावर काल जुन्या धोतरात गुंडाळलेला बाबांचा अडकित्ता सापडला. बाबा होते तेव्हा मी सिन्नरच्या औषध कारखान्यात होतो. रक्तदाबाची गोळी दिवसभर हळूहळू विरघळते का, हे आम्ही काचेच्या भांड्यासमोर कॅमेरा लावून बघायचो. एकदा मुद्दाम तोडलेली गोळी टाकली, तर पडद्यावर सगळं औषध धुरासारखं एकदम सुटलं. बाबाही तीच गोळी घ्यायचे. त्याच सकाळी ‘ही घशात अडकते रे’ म्हणणाऱ्या बाबांना मी घाईत सांगितलं होतं, ‘अडकित्त्याने तोडून गिळा की.’ घरी फोन नव्हता. घराजवळच्या द्वारका चौकापर्यंतची बस संपता संपेना. पोचलो तर बाबा घेरी येऊन पडलेले. ‘गोळी तोडायला कुणी सांगितलं?’ डॉक्टर चिडले. ‘माझीच अक्कल,’ बाबा म्हणाले, आणि मी गप्प राहिलो. ते सावरले, पण सुपारी त्यांनी कायमची सोडली. अडकित्ता माझ्या नजरेला पडू नये म्हणून, हे मला काल कळलं.