जुना व्रण

काल परतवाड्याच्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेलो होतो. मशीन माझा अंगठा घेईना, म्हणून तिथल्या पोरीनं जांभळ्या शाईचं पॅड पुढं सरकवलं. तो तेलकट वास नाकात शिरला आणि मी हात मागं घेतला.

मी जेलात कारकून होतो. नवा कैदी आला की त्याच्या अंगावरच्या दोन खुणा रजिस्टरात लिहायच्या. अक्षर वळणदार म्हणून ते काम माझ्याकडे. एका दुपारी पोलिसांनी पातूरकडचा एक भाजीवाला आणून उभा केला. हनुवटीवरचा तीळ लिहून झाला. मग त्यानं सदरा काढला, तर पाठीवर पट्ट्याचा वळ, काळानिळा, कडेनं अजून ओला. त्यावर माशी बसलेली. माझा पेन थांबला.

"काहून थांबला? जुना व्रण लिव," मागून आमचे बडेबाबू पान चघळत म्हणाले.

"सायेब, जुना नाई. मले कालच मारलं," भाजीवाला हळूच म्हणाला.

मी ती माशीसुद्धा हाकलली नाही. 'पाठीवर जुना व्रण' असं लिहिलं, तेही वेलांट्या सुबक काढून. त्या अक्षराची तेव्हा केवढी ऐट होती मला! आज त्यावर थुंकावंसं वाटतं.

मग त्याचा अंगठा धरून पॅडवर दाबला आणि त्या ओळीखाली टेकवला. त्याला वाचता येत नव्हतं.

"लिवलं ना सायेब, कालचा म्हणून?"

"लिवलं," मी म्हणालो.

शाईनं भरलेल्या अंगठ्यासकट त्यानं मला हात जोडले.