मामांनी पाहिलेली तीन कॉलेजं

मुरुडच्या किनाऱ्यावर माझ्या थोरल्या मामांइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही. नारळ डोक्यात पडेल म्हणून ते माडांखालून जात नसत, आणि लाट ओढून नेईल म्हणून पाण्याच्या कडेनेही जात नसत. त्यामुळे बाजाराला निघाले की वाडी आणि भरती यांच्या मधल्या चिंचोळ्या वाळूतून, एक नजर वर आणि एक समुद्राकडे ठेवून चालत. कुत्र्यांशी ते लांबूनच अदबीने बोलत. दाढी त्यांनी न्हाव्याच्या वस्तऱ्याच्या धास्तीने वाढवली होती, पण लोक तिला धार्मिकपणा समजत. तसे ते धार्मिक होतेच. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी; शनिवारी आमचा तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. त्या दिवशी मामा दिवा पेटवीत नसत की लेखणीला हात लावीत नसत.

वडील वारल्यापासून आई आणि मी त्यांच्याकडेच राहत होतो. मी मॅट्रिकला बसले तेव्हा हेडमास्तर घरी येऊन म्हणाले, "हिला मुंबईला कॉलेजात घाला." मुलींच्या राहण्याची सोय असलेली जी कॉलेजं त्यांना ठाऊक होती, ती सगळी पाद्र्यांची. मामांनी प्यायला पाणी मागितलं. मग मुंबई पाहिलेला जो भेटेल त्याला ते विचारत सुटले. गलबतावरच्या एका तांडेलाने सांगितलं, "एक पोरगा कॉलेजात गेला नि नाव बदलून आला." कुणी सांगितलं, झोपेत पाणी शिंपडून बाटवतात. मामांनी मला गंभीरपणे विचारलं, "छत्री उघडून झोपलीस तर चालेल काय गो?" मला हसू आलं. पण त्यानंतर पांघरूण डोक्यावरून घेतल्याशिवाय मला झोप येईना.

शेवटी पावसाळ्याच्या आधी मला घेऊन ते स्वतःच कॉलेजं पाहायला निघाले. आगबोटीत खांबाला मिठी मारून ते दर मोठ्या लाटेला आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला गोड पोह्यांचा एकेक मलिदा बोलत होते. ते सगळे नवस फेडताना आईचे हात पोहे भिजवून दुखले.

पहिल्या कॉलेजात एक उंच गोरा पाद्री आणि त्याच्याहून थोडाच बुटका कुत्रा होता. मामा माझ्या आड उभे राहिले आणि शनिवारच्या सुटीचं मला विचारायला लावलं. "सुटी रविवारी," एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या कॉलेजात ख्रिस्ती जोगिणींनी सरबत दिलं आणि इतकं गोड हसल्या, की मामांना घाम फुटला. बाहेर येऊन म्हणाले, "तिथं कुत्रा भुंकतो तरी. इथं माणूस हसता हसता हरवेल."

तिसऱ्या कॉलेजची म्हातारी मड्डम मराठी बोलत होती. मामांच्या हातातली काठी थरथरत होती, फरशीवर तिचा टकटक आवाज येत होता.

"शनिवारी ही लिहिणार नाही," मामा म्हणाले.

"आणि परीक्षा शनिवारी आली तर?"

"तर नापास होऊ दे."

मांजराला वाट देणारा माणूस हे बोलत होता.

मड्डम म्हणाली, "रोज सकाळी प्रार्थनेला यावं लागेल. बायबल वाचतात."

"जुनं की नवं?"

"दोन्ही."

"जुनं आमच्याच घरचं आहे, ते ऐकेल. नवं सुरू झालं की बाहेर जाऊन उभी राहील."

तिने मामांकडे, मग त्या काठीकडे पाहिलं. "उभी कशाला? बाहेर बाक आहे," ती म्हणाली. "शनिवारच्या वर्गात नुसतं ऐकू दे. परीक्षेचं मी वर युनिव्हर्सिटीला लिहून बघेन."

त्या कॉलेजातून पहिल्या सुटीत मी घरी आले तेव्हा शेजारणींनी माझ्या गळ्यात क्रूस आहे का ते पाहिलं. मामांनी काही पाहिलं नाही. संध्याकाळी पडवीत दोघंच असताना त्यांनी विचारलं, "भीती वाटते काय गो तिथं?"

"पहिला महिनाभर वाटली. रोज."

त्यांनी काठी जवळ ओढली. "मग कळवायचं नाय? आलो असतो."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी मुंबईतच राहिले, नोकरी केली, संसार केला. तरी कधी कधी अजून उगीच भीती वाटते, आणि वाटतं, कळवावं.