गुणाबाईने जागा देऊन टाकली तेव्हा

माझी जीभ सैल आहे. आई म्हणायची, या पोरीला चिमटा काढल्याशिवाय कुणाशी बोलताच येत नाही. साठी उलटली तरी तेच. रिक्षावाला, दूधवाला, जावई, कुणी सुटत नाही. पण त्यातली एक थट्टा अशी आहे की आठवली की अजून घशात काटा अडकतो. आणि हे मासे खाणारी बाई सांगतेय, म्हणजे काय ते समजा.

गुणाबाई कोळीण आमच्या पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. तिची जागा खांबाजवळची, सावलीतली. सासूकडून तिला आली, सासूला तिच्या सासूकडून. बाजारातली बाई एक वेळ अंगावरचा दागिना देईल, पण बसायची जागा देणार नाही.

बुधवार, शुक्रवार, रविवार तिची भवानी माझ्या हातची. दिवसाची पहिली विक्री. माझा हात लाभतो असं तिचं ठाम मत. मी नोट दिली की ती कपाळाला लावायची, टोपलीला लावायची आणि मग माझी नि माझ्या मास्तर नवऱ्याची थट्टा उडवायला मोकळी.

"वयनी, मास्तरांनी यंदा बी साडी नाय घेतली?"

"घेतलीय. पण नेसून तुझ्याकडे आले तर मांजरं मागे लागतील."

दोन हजार अकरात तिचा नवरा बुधाजी गेला. रडली, पंधरा दिवसांनी टोपली घेऊन परत आली. आम्ही म्हटलं, खमकी आहे. पुढच्या उन्हाळ्यात एकदा म्हणाली, "वयनी, मना झोप नाय लागत. तीन वाजल्यापासनं छपराकडं बगत बसते."

मी म्हटलं, "मग आमच्याकडे ये. मास्तरांचं घोरणं ऐक, छप्पर दिसायच्या आत बेशुद्ध पडशील."

हसली. चार दिवसांनी सुरमईचे तुकडे करता करता, मान खाली घालूनच म्हणाली, "जगायचा कंटाळा आलाय आता."

मी काय म्हणावं? म्हटलं, "आधी माझी सुरमई पूर्ण काप, मग जा कुठं जायचं ते."

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. गुणाबाई पण हसली. तिने नोट घेतली आणि सरळ पिशवीत टाकली. कपाळाला नाही लावली. मी बघितलं होतं. बघितलं आणि घरी येऊन सुरमई तळली.

त्यानंतरच्या शुक्रवारी बाजारात ही बोंब. खांबाजवळ गुणाबाई नाही, साळू बसलेली. साळू म्हणजे खाडीचे खेकडे विकणारी कातकरी बाई. ती कायम गटाराच्या कडेला, उन्हात बसायची. गुणाबाईने आदल्या दिवशी तिला स्वतःच्या जागेवर बसवलं होतं, फळी दिली होती, कोयता दिला होता. बायका पेटल्या होत्या. कृष्णाबाई तर कमरेवर हात ठेवून उभीच.

"कोळणीची जागा हाय. सून हाय घरात, तिला नाय द्यायची?"

"हिनंच काय तरी पढवलं असेल तिला."

आणि मी? मी त्या भांडणात मीठ टाकलं. म्हटलं, "गुणाबाई निवृत्त झाली वाटतं. पेन्शन कोण देतंय?" परत हशा. जागा कुणाची यावर तासभर तोंडं चालली. तिला जागा नकोशी का झाली, हे एकीच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही.

घरी आले, अकराच्या सुमाराला दाराची बेल वाजली. साळू. हातात गोणपाटात गुंडाळलेला कोयता. आत येईना, उंबऱ्याबाहेरच उभी.

"बाय, मना जागा नको."

"का गं, बायका फार बोलल्या?"

"त्या तर रोजच बोलतात. पण गुणाबाय ताडपत्री बी देऊन गेली. पावसाची. नवी हाय. जागा देईल एकादी, पण बाजारात बसणारी बाय ताडपत्री नाय देत. तिला पावसाळा बगायचाच नाय, असं वाटतं मना."

माझ्या डोक्यात माझंच वाक्य वाजायला लागलं. मग जा कुठं जायचं ते.

माझी भाची विनिता नर्स आहे. तिला फोन लावला. म्हटलं, जाते मी, पण विचारू कसं? विचारलं आणि नसलेलं मनात घातलं तर?

"आत्या, विचारल्याने मनात येत नाही. असेल तर बाहेर येतं. गोल गोल बोलू नकोस, सरळ विचार. आणि हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नकोस, एक मिनिट पण नाही. मला लगेच फोन कर." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आत्या, थट्टा नको."

कार्टी मला ओळखते.

साळूला बरोबर घेऊनच निघाले. कोळीवाड्यात गुणाबाईचं घर उघडंच होतं. सून रोशनी कामावर, मुलगा परेश द्रोणागिरीला गोदामात. गुणाबाई ओट्याजवळ जमिनीवर बसलेली. भांडी घासून पालथी घातलेली, घर लखलखीत. साळू दाराशी थांबली, मी गुणाबाईशेजारी बसले. तोंडातून सवयीने निघालं, "काय गं, घर विकायला काढलंस की काय?" ती हसली नाही.

मग विचारलं. आवाज माझा नव्हताच तो. "गुणाबाई, जीव द्यायचं मनात येतं का तुझ्या?"

बाहेर कुणीतरी जाळं झटकत होतं.

"येतं," म्हणाली.

"आज?"

"आज बी."

माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसले नसेन. ती बोलत होती. बुधाजीचं, दुखणाऱ्या हातांचं, पोरांच्या गळ्यात धोंडा होऊन राहिल्याचं, सकाळ झाली की येणाऱ्या भीतीचं. मला सारखं वाटत होतं मध्ये बोलावं, असं काय म्हणतेस, तुला काय कमी आहे. जीभ दातांत धरून बसले.

शेवटी म्हणाली, "परेसला नका सांगू. माज्या गळ्याची शपथ घ्या."

"नाही घेणार."

"वयनी."

"तू रागाव माझ्यावर. जन्मभर बोलू नकोस. पण हे मी पोटात ठेवणार नाही."

ती खरंच रागावली. तोंड फिरवलं. तिच्यासमोरच परेशला फोन केला, मग विनिताला. विनिता म्हणाली आजच दवाखान्यात आणा, उद्यावर नको, आणि तोपर्यंत धोक्याचं काही तिच्या हाताशी ठेवू नका. विनिता फोनवर सांगत गेली, साळू एकेक वस्तू उचलून शेजारी नेऊन ठेवत गेली. मग साळू उंबऱ्यात पाय पसरून बसली ती परेश येईपर्यंत. मला वाटतं, तिला ओलांडून वाराही गेला नसता.

सरकारी दवाखान्यात गुणाबाई नऊ दिवस होती. मानसोपचाराच्या डॉक्टरीण बाईंनी परेशला समजावलं, हा आजार आहे, यावर औषध आहे, गुण यायला वेळ लागतो. गोळ्या रोशनीकडे राहतील, त्या त्या वेळेला तीच देईल. नंतर दाखवायच्या तारखेला मीच बरोबर जायची. रांगेत बाकड्यावर बसून आम्ही शेंगा खायचो. दोन महिने ती माझ्याशी हूं नि चूं एवढंच बोलली. हल्ली अशा वेळी मदत मागायला १४४१६ असा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात, कुठल्याही वेळी. तेव्हा तो नव्हता. विनिता होती हे आमचं नशीब.

गणपतीनंतर ती बाजारात परतली. साळू उठायला लागली तर तिला खाली दाबून बसवलं. "बस. जागा रुंद हाय." कृष्णाबाईने नाक मुरडलं आणि स्वतःची टोपली चार बोटं सरकवली. कोयता डॉक्टरीण बाई हो म्हणेपर्यंत माझ्या घरी होता. तोवर मासे साळू स्वतःच्या विळीने कापायची, वाकडेतिकडे.

एकदा मी धीर करून विचारलं, "गुणाबाई, त्या सुरमईच्या दिवशी मी बोलले ते..." मला वाटलं म्हणेल, सोडा हो, काय ते. माणूस अशाच आशेने विचारतं ना.

"लागलं व्हतं," ती म्हणाली. "लय लागलं व्हतं." आणि कोळंबी निवडत राहिली.

बरोबरच आहे. ते मला फेडता येणार नाही.

थट्टा मी सोडलेली नाही, ती सोडली तर मी मी उरणार नाही. पण नोट देते तेव्हा माझे डोळे तिच्या हातावर. कपाळाला लावते की पिशवीत टाकते. परवाच्या बुधवारी टाकली पिशवीत. मी उभीच. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं.

"काय बगताय?"

"कोळंबी ताजी आहे का बघते."

"खोटारड्या. सरळ विचारा ना."

मी वाकले आणि हळूच विचारलं, "आलं का मनात?"

"सोमवारी आलं व्हतं. रोशनीला सांगितलं. लगेच. काल डाक्टरणीकडं जाऊन आलो दोगी." मग पिशवीत हात घालून तिने माझी नोट शोधून काढली, कपाळाला लावली. "आता हला. सावली अडवताय साळूची."