चौकशीला न बोलावलेली थोरली

"मिरवते? ताई, मला चौकशीला बोलावलं होतं, सत्काराला नाही!"

"मग घरभर तेच पुराण कशाला? दोन साहेब होते, दार लावून घेतलं, पाणी विचारलं..."

"तुम्हीच खोदून खोदून विचारत होतात. ते मरू दे. आज तुम्ही आपणहून त्यांच्याकडे गेलात. काय सांगितलंत?"

थोरलीने नळ सोडला आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

दोघी जावा परराष्ट्र खात्यात टायपिस्ट. थोरली आधी लागली. धाकटीला तिनेच चिकटवलं. पण धाकटी बघता बघता बंद खोलीत गेली, जिथे राजदूतांचे गुप्त अहवाल टाइप होतात. थोरली बाहेरच्या हॉलमध्येच राहिली, परदेशी मंत्र्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा बडवत.

मग अहवाल फुटले. शेजारच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांविषयी आपल्या राजदूताने लिहिलेलं 'अंगाने भारी, डोक्याने हलके' सगळ्या पेपरांत झळकलं. सकाळी सरकार म्हणालं, कागद बनावट आहेत. संध्याकाळी म्हणालं, कागद चोरणाऱ्याची गय करणार नाही. तिकडे राष्ट्राध्यक्षांना फुलं गेली. इकडे दारातच सगळ्यांचे मोबाइल टोपलीत जमा झाले, झेरॉक्सच्या मशीनला कुलूप लागलं आणि बंद खोलीतल्या एकेकीला बोलावणं आलं. बाया रडत बाहेर यायच्या. पण हॉल उठून त्यांना खुर्ची द्यायचा!

थोरलीला कुणी हाक मारली नाही. घरी सगळे धाकटीभोवती. दिराने सहज विचारलं, "वहिनी, तुम्हाला नाही ना त्रास?" तर सासूबाईच म्हणाल्या, "हिला कसला त्रास? हिच्याकडे असतं काय फुटण्यासारखं!"

ते थोरलीच्या वर्मी बसलं. दुसऱ्या दिवशी तिने चौकशीचं दार ठोठावलं.

"मलाही विचारा."

"आपण कुठल्या?"

"बाहेरचा हॉल."

"मग गरज नाही, बाई. तुमचा त्या कागदांशी काय संबंध?"

"संबंध? रोज दुपारी मी त्या खोलीत बसते! जावेबरोबर जेवायला."

साहेबांनी पेन उचललं. तेव्हा कुठे तिला बसायला सांगितलं.

"बाहेरचं माणूस आत घेतलं की नोकरी जाते, ठाऊक नव्हतं तुम्हाला?" नळापाशी हे सगळं ऐकून धाकटी ओरडली.

"तूच म्हणायचीस, ताई या, एकटीला घास उतरत नाही."

"म्हणून हे पांग फेडलेत? चोर सापडत नाही, सरकारला कुणाची तरी मान हवीय. तुम्ही माझी नेऊन दिलीत!"

थोरली पातेलं घासत राहिली.

सकाळी फोन आला. धाकटीने घरीच थांबायचं. थोरलीने जबाबाला यायचं. थोरलीने कपाटातला ठेवणीतला पोशाख काढला. आरशासमोर उभी राहिली. पावडर लावली, पुसली, पुन्हा लावली.

धाकटी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती.

"ताई, एवढंच सांगा, मी बोलावलं नव्हतं, तुम्हीच शिरलात. तुमच्याकडे गुप्त काही नसतंच. तुम्हाला तंबी देऊन सोडतील. माझी नोकरी वाचेल."

'नसतंच' ऐकून थोरलीचा केसांतला हात थांबला. मग तिने पिन नीट खोचली.

"ऐकताय ना? माझ्यासाठी चाललात की एकदाचं बोलावलं म्हणून?"

थोरलीने पर्स खांद्याला लावली, आरशात एकदा शेवटचं पाहिलं आणि धाकटीच्या अंगावरून बाहेर पडली.