जर्दाळूची फांदी

जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या ऑफिसात माझ्यासमोर बसणाऱ्या कोरियन बाईचा मला हेवा वाटतो, आणि तो काही चांगला हेवा नाही.

तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जर्दाळूची फांदी गोंदलेली आहे. एरवी हात टेबलावर मोकळा टाकून बसते. पण सोलचे पाहुणे यायचे म्हटलं, की भर जुलैत कातडीच्या रंगाची घट्ट बाही चढवते. "आमच्याकडे असे हात गुंडांचे समजतात," असं सांगते आणि स्वतःच "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून मान डोलावते. ते ऐकून मला बरं वाटायचं. माझ्याही दंडावर लग्नाआधी काढलेलं मोरपीस आहे. घरात फक्त नवऱ्याला ठाऊक आहे.

ऑफिसच्या झोमरफेस्टला, म्हणजे उन्हाळी मेळाव्याला, सगळ्यांच्या घरची माणसं येतात. परवा तिचे वडील आले होते. बाही होतीच. मी मनात म्हटलं, चला, ही आपल्यातलीच. तेवढ्यात तिनं ती ओढून काढली आणि हात त्यांच्यापुढे धरला. म्हातारबुवांनी चष्मा लावला, फांदीवरून सावकाश बोट फिरवलं आणि काहीतरी पुटपुटले. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आपल्या अंगणातल्या झाडाला एवढी पानं कधी नव्हती."

घरी आले, तर सासूबाई तुळशीवृंदावन गोंदलेल्या हातानं वर्तमानपत्राचा वारा घेत होत्या.

"अगं, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या कशाला?"

"ऑफिसात थंडी वाजते, आई."