अळणी रविवार

मॅरेथॉनमध्ये सगळ्यांच्या मागून एक बस येते. जे मुदतीत पोचणार नाहीत त्यांना ती वाटेतून गोळा करते. मागच्या दोन्ही वर्षी तिने मला तिसाव्या किलोमीटरच्या पुढे उचललं होतं, दोन्ही वेळा पोटऱ्यांत गोळे आले म्हणून. घरात सगळ्यांचं निदान एकच, वय झालं. मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीचंही तेच मत. पण मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आहे, रीत पटल्याशिवाय उत्तर मान्य करत नाही. एकसष्टाव्या वर्षी मी तिसऱ्यांदा नाव नोंदवलं.

"यंदा पण बसनंच येणार असलीस तर सांग की," आमचे हे म्हणाले. "मी स्टॉपवर थांबतो."

"तुम्ही शेवटच्या रेषेवर थांबा," मी म्हटलं, "आणि येताना डबा आणा."

पहाटे सुटलो. पंचवीस किलोमीटरपर्यंत माझं झकास चाललं होतं. वाटेतल्या टेबलांवर केळी होती, संत्र्याच्या फोडी होत्या, मिठाचं सरबत होतं. मी केळं आणि नुसतं पाणी घेत होते, कारण माझा रविवार अळणी असतो. सकाळी उठल्यापासून सोमवार उजाडेपर्यंत मिठाचा कणही तोंडात जात नाही. तेरा वर्षांत एकही रविवार चुकलेला नव्हता.

तेहेतिसाव्या किलोमीटरला आधी डावी पोटरी आवळली, मग उजवी. विजेच्या खांबाला धरून उभी राहिले. मागे वळून पाहिलं तर बस दिसत होती, दिवे लावून सावकाश येत होती. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

लंगडत पुढच्या टेबलापाशी पोचले. तिथे माझ्याच वयाची एक बाई होती. माझे पाय बघून तिने मिठाची वाटी पुढे केली. "अक्का, स्वल्प उप्पु तगोळ्ळि."

आज मला मीठ चालत नाही, असं मी तिला कन्नडमध्ये सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बसकडे. "मग काय, त्यात बसणार?" तिने विचारलं.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. महिन्यापूर्वी एका गुरुवारी सुट्टी होती, त्या दिवशी मी पोहे खाऊन तीस किलोमीटर धावले होते आणि गोळ्याचं नाव नव्हतं. रविवारच्या सरावात मात्र दर वेळी गोळे. पोरांच्या वह्यांत एवढीशी चूक दिसली तर मी लाल गोल करायचे, आणि स्वतःचं हे गणित मला दोन वर्षं दिसलं नाही.

कारण समजलं, पण हात पुढे होईना. ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात मी हा रविवार धरला होता. ते बरे झाले. ते रविवारामुळे झाले असं मला सिद्ध करता येणार नाही, हे मला कळतं. पण सोडून बघायची हिंमत कधी झाली नाही. खरं सांगते, त्या टेबलापाशी मी घाबरले होते.

बस आणखी जवळ आली. मी वर सूर्याकडे बघून मनात म्हटलं, काय करायचं ते मला कर, त्यांना हात लावू नकोस. मग टेबलावरची संत्र्याची फोड मिठात बुडवून खाल्ली. एक नाही, चार खाल्ल्या, वर ग्लासभर सरबत प्यायले.

मिठाने एवढ्यात फरक पडतो की माझ्या हट्टाने पडला, देव जाणे. पोटऱ्या हळूहळू सैल झाल्या. मी धावले, चालले, पुन्हा धावले, एकदा स्वतःलाच मोठ्यांदा दटावलं. बसचा आवाज मागे पडला. मुदतीला चार मिनिटं उरलेली असताना मी रेषा ओलांडली.

हे डबा घेऊन उभे होते, चेहरा आनंदाने फुललेला. मला मात्र त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

"मी मीठ खाल्लं," मी म्हटलं.

त्यांनी चेष्टा केली नाही. चारचौघांत कधी माझा हात न धरणाऱ्या माणसाने माझा घामेजलेला तळवा उचलला आणि आपल्या शर्टावर, डाव्या बाजूला दाबून धरला.

"बघ, चालू आहे," ते म्हणाले. "आता खात जा मीठ."